नसलेल्या बागेची खबरबात

दादा,

आज रविवार. सकाळी चहा घेतला, पायात चप्पल सरकवली, सवयीनं गाडीला किक मारली आणि मग लक्षात आलं, की शेतावर जाऊन येऊन खबर द्यायची कोणाला? काल तुमची तेरवी झाली. गाडी बंद करून पुन्हा भिंतीला लावली. सुनंदानं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मग शाळेची एक कोरी वही घेतली आणि मागच्या अंगणात, आता घरातून बाहेर काढलेल्या तुमच्याच बाजेवर येऊन बसलो.

काल माणसं पुष्कळ आली. गावाकडून आली, तीर्थपुरीहून आली, सुनंदाच्या माहेरची आली. जो तो तुमचे गुण गात होता. फार शांत माणूस, कोणाला कधी उलटून बोलला नाही, असं एका पाहुण्यानं सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हे कोणाबद्दल बोलून राह्यले?" तुम्ही शांत नव्हता. तुम्ही खवट होता, हेकट होता आणि बागेच्या बाबतीत तर कोणाच्या बापाचं ऐकत नव्हता. हे मी रागानं लिहीत नाही. तेरा दिवसांत लोकांनी तुम्हाला इतकं गोड करून ठेवलंय, की त्यात मला माझे दादा सापडेनात.

मला तुमच्याशी बागेबद्दल बोलायचंय. दर रविवारी तेच बोललो, तरी जे बोलायचं ते राहूनच गेलं. दादा, बाग नव्हती. तुम्ही गेलात त्याच्या पावणेदोन वर्षं आधीपासून नव्हती. ज्या बागेला तुम्ही या बाजेवर पडून पाणी दिलंत, खत दिलंत, ज्या बागेवरून माझ्याशी भांडलात, तिच्या जागी कापूस उभा होता.

ती लावली तेव्हा मी चौथीत होतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. आपल्या शिवारात तोवर मोसंबी कोणी लावली नव्हती. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. दीड एकरात दोनशे कलमं. विहिरीला पाणी होतं पण इंजिन नव्हतं, म्हणून पहिला अख्खा उन्हाळा तुम्ही पाणी शेंदायचं आणि मायनं डोक्यावरून हंडे वाहायचे, असा काढलात. माय अजून सांगते, मी पोटात असताना जेवढं जड गेलं नाही तेवढे ते हंडे गेले.

मला तुम्ही एकच काम दिलं होतं. प्रत्येक झाडाच्या आळ्यात पालापाचोळा पसरायचा. तुम्ही बघताय म्हणून मी धावत-धावत करायला गेलो आणि एक कलम पायाखाली मोडलं. तुम्ही मारलं नाही. जवळ बोलावलंत, माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मायला म्हणालात, "ह्याच्या हातात झाड न्हाई. ह्याला शिकू दे." लोकांना वाटतं, दादांनी मोठ्या हौसेनं मला डी.एड. केलं. मी मास्तर झालो तो त्या एका मोडलेल्या कलमापायी, हे आपल्या दोघांनाच माहीत.

त्यानंतर तीस वर्षं मी बागेत पाहुण्यासारखा यायचो. दिवाळीच्या सुट्टीत तोडणी असायची तेव्हा झाडाखाली उभा राहायचो, पण कात्री तुम्ही हातात दिली नाहीत आणि मीही मागितली नाही. आपलं बोलणं म्हणजे, "कव्हा आला?" आणि "कव्हा चालला?" मधलं जे काही असेल ते मायच्या मार्फत.

मग त्या आषाढात तुम्ही बांधावरून घसरलात आणि खुबा मोडला. जालन्याला नेलं, तिथं तपासताना कळलं की हृदयही कमजोर झालंय. गावात दवाखाना नाही म्हणून तुम्हाला आणि मायला मी इथं घनसावंगीला, माझ्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. गाडीतून उतरवून घेताना तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो, "बागेला कोण?" मी म्हणालो, मी आहे. तुम्ही आभाळाकडे पाहिलंत, अगदी मोठा उसासा टाकून.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. पौषात तुम्ही बजावलंत, "यंदा बहार धरू नको. फळ नको आपल्याला, निस्ती झाडं जगव." मी जगवायला गेलो, दादा. शाळा सुटली की गाडीवर गावाकडे, विहिरीतलं तळाचं पाणी आळ्यांना, परत येऊन तुमची औषधं. चैत्रात विहीर आटली. बैलगाडीवर टाकी ठेवून लांबच्या विहिरीचं पाणी महिनाभर वाहिलं, मग तीही विहीर बसली. पानं आधी वळली, मग पिवळी पडली, मग हात लावला की गळायला लागली. ज्येष्ठात मी बाग तोडायला लावली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुमची छाती तपासून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "यांना धक्का बसेल असं काही सांगू नका." ते प्रत्येक पेशंटच्या मुलाला हेच सांगत असतील. पण मला ते माझ्यासाठीच सांगितल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. माय म्हणाली, "सांगून टाक. झाडं त्यांची हायेत." मी आवाज चढवला. म्हणालो, त्यांना काही झालं तर तू जबाबदार राहशील का? शिकलेला मुलगा, डॉक्टरांशी बोलून आलेला, त्यामुळे माझंच चाललं. माय उठली, तोंडावर पाणी मारलं आणि तुमच्यासाठी भाकरी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तुम्ही तिला विचारलंत, "बागेची काही खबर?" ती म्हणाली, "अंकुश सांगन."

आणि मला सांगावं लागलं. मला वाटलं होतं, 'बरी आहे' म्हटलं की संपेल. तुम्हाला मी ओळखलंच नव्हतं.

"बरी म्हंजी? पानं वळली का सरळ हायेत?"

"सरळ आहेत."

"फूट? शेंड्याला फूट आली का?"

"आली थोडी."

"थोडी कोणत्या अंगाला? विहिरीकडं का नाल्याकडं?"

खोटं बोलायलाही विषयाची तयारी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. पोरांना भूगोल शिकवताना मी एवढी तयारी कधी केली नव्हती. गफूरचाचांकडे गेलो. आपला माल वीस वर्षं तेच उचलायचे, त्यामुळे त्यांना आपल्या बागेचं पान न् पान माहीत. त्यांना बाग वाळून तोडल्याचं सांगितलं. ते दाढी कुरवाळत मला शिकवायला लागले. पहिल्या पावसानंतर फूट कशी येते, नव्या पानाचा रंग कसा असतो, खोडातून डिंक गळतो तो डिंक्या रोग कुठून सुरू होतो. बाग असताना जे शिकलो नाही ते ती नसताना शिकलो.

भेटायला येणाऱ्यांना माय दारातच गाठायची. "बागेचं काही काढू नका बरं." सगळ्या गावानं ते पाळलं. गावात दोन माणसं एका गोष्टीवर एकमत होत नाहीत, पण तुमच्यासाठी झाली. फक्त किसनमामांनी घोळ केला. त्यांना वाटलं, नुसतं गप्प बसून कसं चालेल, चार चांगले शब्द बोलावेत. पावसाळ्याचे दिवस, झाडावर फळ असण्याचा संबंध नाही, आणि हे बाजेजवळ बसून म्हणाले, "काय मोसंबी लागलीय वो दादा, नारळाएवढी!" तुम्ही त्यांच्याकडे एकटक पाहिलंत. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "किसन, जालन्याला जाऊन डोळे दाखव. जल्दी." पुढं येईल त्याला तुम्ही सांगायचात, की किसनला मोतीबिंदू झालाय. ते बिचारे गावात तसेच फिरले, कोणाला खुलासा न करता.

मग तो फाल्गुन आला. जेवण तुमच्या घशाखाली उतरत नव्हतं. सुनंदा म्हणाली, मोसंबीचा रस देऊन बघू. गफूरचाचांनी एक पिशवी भरून दिली, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, "क्या बोलूं मास्तर, बीस साल उनका माल मैंने दुनिया को खिलाया. अब उनकोच दूसरे का माल खिला रहा." तुम्ही एक फळ हातात घेतलंत, फिरवलंत, सालीला नख लावलंत, वास घेतलात.

"कुठली?"

"आपल्या बागेतली."

दादा, बाजारातली म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. लोक बाजारातूनच आणतात. पण नऊ महिने माझी जीभ 'आपली बाग, आपली बाग' म्हणत होती, ती तशीच घसरली.

"आपली? फागुनात?" तुम्ही कोपरावर उठायला गेलात. "मंग तू मृग धरला!"

मला आता बहार कळत होते, म्हणून तुम्ही काय म्हणताय ते लगेच कळलं. पौषात झाडांचं पाणी तोडून, त्यांना तहान लावून जो धरतात तो आंबे बहार. त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी धरतात तो मृग, त्याची फळं फाल्गुन-चैत्रात. तुम्ही जन्मभर आंबे बहाराचे. मृग धरणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणायचात, कारण त्याचं पाणी आभाळ भरतं. आणि इथं तर तुमच्या हिशेबानं मी दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या झाडांकडून, तुमचा शब्द मोडून, फळ काढलं होतं.

"मरणाच्या दारातून आल्ती ती झाडं," तुम्ही म्हणालात. "त्यांच्या अंगात जीव न्हाई आन तू त्यांच्याकडून फळ घेतलं. तुला म्या काय सांगितलं व्हतं? काऊन केलं असं?"

मी म्हणालो, "चुकलं."

दोन दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. सुनंदा मला खुणावत राहिली, सांगा ना, बाजारातली होती म्हणून. पण एक टाका उसवला की सगळं उसवणार होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही मायला म्हणालात, "आण ती." तिनं सोलून एक फाक हातात दिली. तुम्ही ती बराच वेळ तोंडात घोळवलीत.

"गोड हाये," म्हणालात. मग माझ्याकडे न बघता, "म्हणून तर जास्ती राग येऊन राह्यला."

तुम्ही रागावलात तेव्हा मी मान खाली घातली, ती नाटक म्हणून नाही. तुम्ही धरलेला गुन्हा मी केला नव्हता, पण मला कोणीतरी धरायला हवंच होतं. आता ते सांगतो. घरात, गावात, गफूरचाचांना, सगळ्यांना मी सांगितलं की बाग वाळली म्हणून तोडली. ते अर्धं खरं आहे. तुम्ही नेहमी म्हणायचात, पानं गेली म्हणून झाड मेलं समजू नका, नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असलं तर ते जिवंत आहे. तोडायच्या आदल्या दिवशी मी एकटाच गेलो आणि खरवडून पाहिलं. नाल्याकडची गेली होती. विहिरीकडच्या तीन ओळींत हिरवं होतं. चाळीस-पन्नास झाडं असतील. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाल्यानं पहिलाच घाव घातला आणि थांबला. "गुरुजी, हे तर हिरवं हाये." मी म्हणालो, "तोड."

का म्हणालो, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पाऊस दहा-बारा दिवसांवर आला होता. अजून दहा-बारा दिवस लांबून कुठून तरी पाणी आणलं असतं तर ती वाचली असती, कदाचित. मी थकलो होतो, दादा. शाळा, दवाखाना, औषधं, रोजची ती धूळ. मला ते सगळं एकदाचं संपलेलं हवं होतं. दोनशे झाडं वाळली असं म्हटलं की दोष आभाळाचा होतो. पन्नास उभी ठेवली असती तर त्यांच्यामागे रोज धावावं लागलं असतं. म्हणून तोड म्हणालो. डॉक्टरांचा शब्द मला देवानं धाडल्यासारखा वाटला तो यासाठी. तुमच्या काळजीपोटी लपवलं, असं मी तेव्हा स्वतःलाही पटवलं होतं.

मोसंबीच्या त्या भांडणानंतर मात्र तुम्ही उठून बसलात. खरंच उठून बसलात, पाठीला दोन उशा लावून. पोराच्या हातून बाग मरणार म्हटल्यावर तुम्हाला पडून राहणं परवडेना. जेवायला लागलात. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. दर रविवारी माझी परीक्षा. मी खरोखर शेतावर जायचो. बटाईनं दिलेल्या त्या कापसात विहिरीच्या काठावर बसायचो आणि आठवडाभराची खबर जुळवायचो. कुठल्या ओळीला शेणखत पोचलं, कुठं वाळलेल्या फांद्या छाटल्या. हळूहळू मला ती दिसायलाच लागली. चिंचेजवळचं एक झाड सारखं पिवळं पडतंय, असं मी तुम्हाला सांगितलं आणि आपण दोघांनी त्याच्यावर दोन महिने इलाज केला. ते सुधारलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सुनंदाला वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. तीस वर्षांत आपण जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या रविवारी बोललो. बागेवरून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. तुमच्या आईनं तुम्हाला कसं वाढवलं, रझाकाराच्या धामधुमीत तिनं तुम्हाला कडब्याच्या गंजीत कसं लपवलं, मायला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कशावरून तरी भांडत होती, हे सगळं तुम्ही मला त्या बाजेवरून सांगितलंत. बाग जिवंत असती तर तुम्ही तिच्याशी बोलला असता, माझ्याशी नाही. हे लिहितानाही वाईट वाटतंय, पण तसंच आहे.

या पौषात तुमच्या हुकमानं झाडांना पाण्याचा ताण दिला. तुम्ही बोटांवर दिवस मोजत होता. मकरसंक्रांत झाल्यावर म्हणालात, आता पाणी सोड, पहिलं हलकं, दुसरं भरून. मी 'सोडलं' म्हणालो. माघात तुम्ही फर्मान काढलंत, "फुलाची एक डहाळी आण."

पुन्हा गफूरचाचा. त्यांच्याबरोबर मी पार कुठल्या कुठं, एका अनोळखी माणसाच्या बागेत गेलो आणि एक डहाळी मागून आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून, जपून. तुम्ही ती मांडीवर घेतलीत. पान चुरून वास घेतलात. एकेक कळी बोटानं उलटवून पाहिलीत. एवढा वेळ तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकाकडेही कधी पाहिलं नव्हतं.

"कळी भरून हाये," तुम्ही म्हणालात. "पाणी बराबर सोडलं तू. घाई न्हाई केली." मग डहाळी माझ्या हातात दिलीत. "तुला बाग कळली, अंकुश."

ते ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो. ज्यानं ते पाणी बराबर सोडलं त्याचं नावही मला माहीत नव्हतं. त्याची शाबासकी मी घेतली आणि खिशात टाकली. दादा, तुम्हाला खरं सांगायला त्या दिवसापासून मी तुमच्या हृदयामुळे घाबरत नव्हतो. तुम्ही दिलेलं परत घ्याल, म्हणून घाबरत होतो.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "मला ने एकदा. जीप कर. वरून नुसता बघून येतो." मी बरं म्हणालो आणि चार दिवस जीप मिळत नाही असं सांगत राहिलो. घनसावंगीच्या स्टँडवर जीप मिळत नाही, हे तुमच्याशिवाय कोणाला पटलं नसतं. शनिवारी शाळेतून आलो तो ठरवूनच आलो. तुमच्या पायाशी बसलो. म्हणालो, "दादा, बागेचं एक सांगायचंय."

तुम्ही हात वर केलात. "थांब. आधी माझं ऐक. मला न्यायचं राहू दे."

"का?"

"म्या आलो की चुका काढीन. ही ओळ काऊन अशी, ती काऊन तशी. माझी खोड जायची न्हाई. मंग तुझं मन मोडन. दोन वर्षं तू केली, आता ती तुझी हाये. तू सांगतो तेवढीच बास मला." आणि मग, "तू काय सांगत व्हता?"

मी म्हणालो, "काही नाही. फुलं चांगली टिकलीत."

नंतर एकच रविवार मिळाला. तुम्ही विचारलंत, फळं धरली का. मी म्हणालो, धरली, हरभऱ्याएवढी आहेत. "मंग आता पाण्यात खंड नको पडू देऊ," म्हणालात. सोमवारी दुपारी मायनं तुम्हाला आंघोळ घातली, अंग पुसलं, तुम्ही तिला म्हणालात जरा पडतो, आणि पडलात ते उठलाच नाहीत. मी शाळेत पाचवीला अपूर्णांक शिकवत होतो.

आता लोक मला समजावतात. सुनंदाही म्हणते, त्यांना सगळं कळलं असणार, म्हणूनच तर यायला नको म्हणाले. असं मानलं की सगळ्यांनाच मोकळं वाटतं. मी मानत नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला सोडलं नसतं. नुसता मृग धरला म्हणून दोन दिवस भिंतीकडे तोंड करणारा माणूस बाग तोडणाऱ्याला काय म्हणाला असता, मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून गेलात. मला तेच जड आहे.

इथवर लिहिलं आणि माय आली. माझ्या शेजारी बाजेवर बसली.

"काय लिहून राह्यला?"

"दादांना लिहितोय."

"वाच बरं."

तिला वाचता येत नाही, मी काहीही गाळू शकलो असतो. गाळलं नाही. हिरव्या झाडांपाशी मी वही मिटायला लागलो तर ती म्हणाली, "वाच पुढं." संपल्यावर तिनं अंगणातल्या चुलीकडे बोट दाखवलं.

"म्हाईत व्हतं मला," ती म्हणाली. "तोडलेल्या लाकडाची गाडी तू हितंच आणून टाकली व्हती का न्हाई? त्यांच्या आंघोळीचं पाणी मी त्याच्यावरच तापवायची. वाळलेलं कसं जळतं, वल्लं कसं जळतं, मला कळत न्हाई व्हय? फुकून-फुकून जीव जायचा, निस्ता धूर. ते आतून इचारायचे, काऊन एवढा धूर करून राह्यली? मी म्हणायची, बाभळ हाये, वल्ली हाये."

"मंग मला बोलली काऊन न्हाईस?"

"तुला काय बोलू? तूच अर्धा झाल्ता धावून-धावून." तिनं माझ्या हातातली वही घेऊन बाजूला ठेवली. "झाडाचा राग न्हाई मला तुझ्यावर. दुसरा हाये. ती बाग त्यांची एकट्याची न्हवती. लावताना आम्ही दोघं व्हतो. घरात मयत झाली आन मला तुम्ही रडू दिलं न्हाई. त्यांच्यापुढं हसून सांगायचं, फूट चांगली हाये. चुलीपुढं बसले की धुराच्या निमित्तानं डोळे पुसून घ्यायचे, तेवढंच. दोघं मिळून रडलो असतो रे आम्ही. काय झालं असतं? म्हातारा-म्हातारी बसून रडली असती."

तेरा दिवसांत मी रडलो नव्हतो, लोकांनी ते लक्षात ठेवून बोलूनही दाखवलं होतं. मायनं पदर तोंडाला लावला आणि झाडं आठवून आठवून सांगायला लागली. चिंचेजवळचं, ज्याला सगळ्यात आधी फळ आलं ते. विहिरीकडचं, ज्याच्या सावलीत ती भाकरी खायची ते. बांधावरचं वाकडं, जे तुम्ही काढायला निघाला होता आणि तिनं काढू दिलं नाही ते. मला हुंदका आला तो थांबेना. भर सकाळी, उन्हात, तुमच्या बाजेवर बसून आम्ही दोघं मोठमोठ्यानं रडलो.

शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "रडू द्या त्यांना. माणूस गेलं की आठवतंच." मायनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही त्यांना तसंच वाटू दिलं. पण तुम्हाला नाही वाटू देणार. दादा, तुम्हाला खरं सांगतो, आम्ही तुमच्यासाठी रडत नव्हतो. झाडांसाठी रडत होतो.